श्वासाइतका वेग

हेबलथ्वेटबाई जगाला दिसायच्या छातीपर्यंत.
टेबलाखालचं मला ठाऊक:
बूट काढलेले, डाव्या मोज्याला भोक,
आणि मांडीवर रुमालात अर्धं सँडविच.

लीड्सच्या त्या स्टुडिओत मी तेरा वर्षं
त्यांच्या डोळ्यांपुढे अक्षरं सरकवली.
आधी कागदाची गुंडाळी, मग संगणक.
काम तेच.
त्यांनी श्वास घेतला की थांबायचं,
त्या धावल्या की धावायचं,
पण पुढे कधी जायचं नाही.

त्यांच्या उमेदवारीच्या काळात
कुणी साहेब म्हणाला होता,
बाईच्या आवाजात गोल ऐकवत नाही.
म्हणून त्यांना कुत्र्यांच्या शर्यती दिल्या.
सहा वर्षं त्या भर पावसात ग्रेहाउंडांवर बोलल्या.
कुत्र्यांची काही तक्रार नव्हती.

मिरजेला माझा मामा कुस्त्यांच्या फडात बोलायचा,
हलगीच्या वर आवाज चढवून.
लंगोट कसणाऱ्या पोराच्या आज्याचं नावसुद्धा तोंडपाठ.
हे सांगितलं तर बाईंनी पेन काढलं,
तळहातावर लिहिलं: आजोबा.
त्या शनिवारी हलच्या मैदानावर
विंगेवर पळणाऱ्या एका पोराचा आजोबा
गोदीत मासे उतरवायचा
हे अख्ख्या यॉर्कशरला कळलं.
माझ्या मामाला नाही कळलं कधी.

गुरुवारी यंत्रं.
विटेएवढा फोन कानाला लावून त्या हसायच्या.
चहा ओतणाऱ्या पोलादी हाताने
एकदा पाहुण्या बिशपच्या मांडीवर चहा ओतला,
आणि कप मात्र अदबीने पुढे केला.
कुठलंही यंत्र येवो, कितीही मोठा संशोधक येवो,
बाईंचा शेवटचा प्रश्न ठरलेला.
मी तो लिहायचेसुद्धा नाही, जागा कोरी ठेवायचे:
"आणि हे बंद कसं करायचं?"
निम्मे लोक बटण शोधत बसायचे.

मग नवा साहेब आला.
म्हणाला, प्रेक्षक तरुण होत चाललाय.
बाई म्हणाल्या, "औषध कुठलं घेतो?"
शेवटच्या दिवशी निरोपाच्या दोन ओळी होत्या.
पहिली वाचली.
दुसरीच्या तोंडाशी त्या थांबल्या.
मीही.
थेट प्रक्षेपणात चार सेकंद म्हणजे
रस्त्यात उघडी पडलेली विहीर.
कानात सगळे ओरडत होते, सरकव, सरकव.
मी अक्षर हलवलं नाही.

आता त्या फायलीला असतात, समुद्रासमोर.
मागच्या मार्चमध्ये एक गोरागोमटा पोरगा आला,
लॅपटॉप उघडून म्हणाला, तुमचा आवाज आम्ही घडवलाय,
जुन्या टेपांवरून. आता तो कुठलाही सामना सांगेल.
ऐकवला.
हुबेहूब.
तोच खर्ज, 'ट्राय'वर तोच तडकलेला सूर.
फक्त श्वास घेत नव्हता तो.
मला कुठे थांबावं कळेना.

बाईंनी चष्मा पुसला.
"छान," म्हणाल्या. "आणि हे बंद कसं करायचं?"
पोरगा हसला, त्याला वाटलं गंमत.
मग म्हणाला, विचारून सांगतो.
अजून विचारतोय.

दुपारी आम्ही वाळूवर गेलो.
दहा-बारा वर्षांची पोरं, चार जॅकेटांचे दोन गोल,
फुगलेला, ओला चेंडू.
बाई ओठातल्या ओठात बोलू लागल्या:
डावीकडून लाल टोपी, लाल टोपी अजूनही, पुढे कुणी नाही...
खिशात माझा अंगठा
आपसूक फिरत होता.

"त्या टोपीवाल्याचं नाव काय गं?"

मला काय ठाऊक.
त्या वाट पाहत राहिल्या, तोंड किंचित उघडं,
आणि अंगठा जिथे होता
तिथेच.